कामगार खरं बोलतील असा ऑनलाइन सर्व्हे कसा घ्यावा

राजीनाम्याच्या अर्जात कारण बहुतेक वेळा एकच असतं: घरगुती अडचण. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी एचआरला होते, तेव्हा सेकंड शिफ्टचे चांगले तयार झालेले ऑपरेटर एकामागून एक गेले. एक्झिट इंटरव्ह्यूत, म्हणजे नोकरी सोडताना घेतात त्या मुलाखतीत, सगळ्यांची घरगुती अडचण. खरं कारण नंतर एका ऑनलाइन सर्व्हेत कळलं, तेही शेवटच्या मोकळ्या रकान्यात: "शिफ्ट साडेअकराला सुटते, बस अकरा चाळीसला निघते. चार्ज देऊन, हात धुऊन गेटवर येईपर्यंत बस गेलेली असते." ज्याला हे आधी विचारायला हवं होतं, तो केव्हाच दुसरीकडे लागला होता.

आधी साहेबांशी बोला

फॉर्म उघडण्याआधी मालक किंवा प्लँट हेडसोबत अर्धा तास बसा. यंदा काय बदलता येईल याची यादी करा: बस, कँटीन, शिफ्टची अदलाबदल, सुपरवायझरची वागणूक, ट्रेनिंग. ज्याला हातच लावता येणार नाही, ते विचारू नका. प्रश्न विचारला की माणूस आशा धरतो, आणि ती मोडली की पुढच्या वेळी तो लिंक उघडतही नाही. आपल्याला नेमकं काय शोधायचं आहे तेही ठरवा. नवे लोक टिकत नसतील, तर वर्षातून एक मोठा सर्व्हे घेण्यापेक्षा जॉइनिंगनंतर ३० आणि ९० दिवसांनी चार-चार प्रश्न विचारलेले बरे.

प्रश्न

दहा-बारा पुरेत, चहाच्या सुट्टीत भरून व्हायला हवेत. विधान द्यायचं आणि 'पूर्ण सहमत' ते 'अजिबात सहमत नाही' असे पाच पर्याय ठेवायचे. रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडलेली ही पट्टी अजून उत्तम चालते. विधानं रोजच्या बोलण्यातली असावीत:

अडचण सांगितली तर सुपरवायझर ऐकून घेतो.
ओव्हरटाइमचा हिशोब मला पगारस्लिपवर समजतो.
पुढच्या वर्षी याच वेळी मी इथेच असेन.

'कँटीन आणि बसची सोय चांगली आहे का?' असा जोडप्रश्न टाळा. बस चांगली आणि जेवण वाईट असेल, तर माणसाने कशावर टिक करायची? शेवटी एक मोकळा रकाना हवाच: 'एकच गोष्ट बदलायची असेल तर कोणती?'

नाव कळणार नाही, याची खरी व्यवस्था

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझी चूक सांगते. पहिल्या फॉर्ममध्ये नाव विचारलं नव्हतं, पण विभाग, वय, किती वर्षं नोकरी आणि स्त्री की पुरुष असे रकाने होते. टूलरूममधल्या ताईंनी फॉर्म भरलाच नाही. विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, नाव लिहू नका म्हणता, पण टूलरूममध्ये बाई म्हणून माझ्याशिवाय दुसरं कोण आहे?" त्यांचं अगदी बरोबर होतं.

तेव्हापासून मी फार तर ओळख सांगणारा एकच रकाना ठेवते, शिफ्ट किंवा विभाग. ज्या गटात पाचपेक्षा कमी उत्तरं आली, त्याचा आकडा वेगळा दाखवत नाही. तो मोठ्या गटात मिसळते. गूगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल गोळा करण्याचं सेटिंग बंद ठेवा. 'एका व्यक्तीला एकच उत्तर' हे सेटिंग चालू केलं की लॉग इन करावं लागतं, आणि स्वतःचा ईमेल समोर दिसला की लोक बिचकतात. एखाद्याने दोनदा भरला तरी चालेल, पण भीती नको. शीटमध्ये प्रत्येक उत्तराची तारीख-वेळ उमटते, त्यावरूनही माणूस ओळखता येतो. म्हणून मूळ शीट कुणाही सुपरवायझरला देऊ नका. मोकळ्या रकान्यातली वाक्यंही जशीच्या तशी वर पाठवू नका, सारांश द्या.

पोचवायचा कसा

फॉर्म मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत करा. कंत्राटी कामगारांनाही द्या. लिंक व्हॉट्सअॅपवर, क्यूआर कोड कँटीनच्या भिंतीवर. भरायला दहा मिनिटं कामाच्या वेळेतलीच द्या, आणि तेवढा वेळ सुपरवायझरला लाइनपासून लांब ठेवा. इन्क्रिमेंटची पत्रं किंवा दिवाळीचा बोनस वाटतानाचा आठवडा टाळा, नाहीतर सगळी उत्तरं त्याच एका गोष्टीची येतात.

उत्तरं आल्यावर

'ओळखीच्या माणसाला इथे नोकरी कर म्हणून सांगाल का?' हा ० ते १० चा प्रश्न ठेवला असेल, तर ९-१० देणाऱ्यांच्या टक्क्यांतून ० ते ६ देणाऱ्यांचे टक्के वजा करा. ६० जणांत २४ जणांनी ९-१० दिले आणि १८ जणांनी ६ किंवा कमी, तर ४० वजा ३०, म्हणजे अधिक १०. हा आकडा दुसऱ्या कंपनीशी ताडून बघू नका. आपल्याच मागच्या आकड्याशी ताडा. एकूण सरासरीपेक्षा कोणती शिफ्ट, कोणता विभाग खाली आहे ते आधी बघा.

मग दोन आठवड्यांच्या आत नोटीस बोर्डावर एक पान लावा: तुम्ही काय सांगितलंत, आम्ही कोणत्या दोन गोष्टी कोणत्या तारखेपर्यंत करणार, आणि काय जमणार नाही व का. 'का' गाळू नका. कँटीनचा ठेका वर्षभराचा असेल तर तसं स्पष्ट लिहा. लोक समजून घेतात.

तीन महिन्यांनी तीनच प्रश्नांचा छोटा सर्व्हे घ्या, केलेल्या बदलांबद्दलच. आमची सेकंड शिफ्टची बस अकरा पंचावन्नला सुटू लागली, तेव्हा पुढच्या सर्व्हेचा क्यूआर कोड आम्ही त्याच बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या पत्र्यावर चिकटवला.