लोहाच्या गोळ्या अंगी लागाव्यात म्हणून

आधी रक्त तपासा. बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली (गरोदरपणी ११ च्या खाली) असेल तर तो अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्तक्षय. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल (रक्ताचे आनुवंशिक आजार) असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, गोळी मनाने सुरू करू नका.

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. रोज एक, चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस.

गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिनचा आकडा हलत नाही, याचं एक कारण चहा. चहा-कॉफीतले घटक लोहाला आतड्यात धरून ठेवतात, त्यामुळे गोळीच्या आधी आणि नंतर एकेक तास चहा नको. दूध, कॅल्शियमची गोळी, अ‍ॅसिडिटीचं औषध यांत दोन तासांचं अंतर ठेवा. लोह आणि कॅल्शियम एकत्र गिळणं म्हणजे लोह वाया घालवणं. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत घेतली तर उत्तम. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घ्या. थोडं कमी शोषलं जाईल, पण गोळी बंद करण्यापेक्षा ते बरं.

शौचाला काळसर होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डांबरासारखी चिकट, दुर्गंधीयुक्त झाली तर मात्र दाखवा. बद्धकोष्ठाला पाणी आणि पालेभाज्या.

महिन्याने पुन्हा तपासणी. आकडा वाढला नसेल तर पाळीतला जास्त रक्तस्राव, जंत, मूळव्याध शोधायला हवं. वाढला तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला साधारण तीन महिने गोळ्या चालू राहतात.

डबा मुलांच्या हाती लागू देऊ नका. मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेततात.