बेघरांची रात्रगणना: या चुका टाळा

रात्रगणना म्हणजे एका ठरलेल्या रात्री गटागटाने फिरून रस्त्यावर आणि निवाऱ्यांत झोपणाऱ्यांची केलेली मोजणी. तिच्यातल्या बहुतेक चुका त्या रात्री होतच नाहीत. त्या दोन आठवडे आधी नकाशावर होतात आणि त्या रात्री फक्त उघड्या पडतात.

विभाग पाडताना मोठे रस्ते हद्द म्हणून धरतात, ते ठीकच आहे. पण मग त्या रस्त्याचे दोन्ही फुटपाथ, मधला दुभाजक आणि वरचा उड्डाणपूल कोणाचा? हे ठरलेलं नसेल तर उड्डाणपुलाखालची दहा माणसं दोन गट मोजतात, नाहीतर कोणीच मोजत नाही. साधा नियम करा: हद्दीचा रस्ता दोन्ही बाजूंसह, वरखाली सगळा, कमी क्रमांकाच्या विभागाचा. तो नकाशावर रंगवून द्या. तोंडी सांगितलेलं रात्री दोन वाजता कोणाच्या लक्षात राहत नाही. नकाशे हाती देण्याआधी एकदा दिवसा आणि एकदा रात्री सगळा भाग पायी फिरा. रात्रपाळीचे रखवालदार, सफाई कामगार आणि स्वतः रस्त्यावर राहिलेली माणसं यांना जागा विचारा. रस्त्यावर राहिलेल्यांना गटात वाटाडे म्हणून घ्या, आणि त्यांचा मेहनताना द्या. त्यांचं ज्ञान फुकटात वापरून वर ‘सहभाग’ म्हणून मिरवणं शोभत नाही.

वेळ. नऊ-दहाला निघणं स्वयंसेवकांच्या सोयीचं असतं, कामाच्या नाही. त्या वेळी माणसं हलती असतात. जेवणवाटपाच्या जागी दिसलेला माणूस तासाभराने दोन चौक पुढे दुसऱ्या गटाला दिसतो, आणि जो बाराला येऊन टेकतो तो सुटतो. साडेबारा ते चार ही वेळ बरी. पाचनंतर लोक अंथरूण गुंडाळू लागतात. निवाऱ्यांमधली संख्याही त्याच रात्रीची घ्या. भारताच्या २०११ च्या जनगणनेत बेघरांसाठी २८ फेब्रुवारीची रात्र ठरवली होती, अमेरिकेत जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतली एक रात्र धरतात. दोन्हीकडे हेतू एकच, की तोच माणूस आज फुटपाथवर आणि उद्या निवाऱ्यात असा दोनदा मोजला जाऊ नये. नंतरच्या दिवसांत भेटलेल्यांना ‘काल कुठे झोपलात’ असं विचारू नका. ठरलेल्या रात्रीचा वार आणि तारीख सांगून विचारा.

कोणाला मोजायचं? कपड्यांवरून ठरवणं ही सर्वांत सामान्य चूक. नीटनेटका माणूस सुटतो आणि गाडीत डुलकी काढणारा चालक मोजला जातो. ‘तुम्ही बेघर आहात का?’ हा प्रश्नही वाया जातो, कारण बरेच जण ते नाव स्वतःला लावून घेत नाहीत. ‘आज रात्री कुठे झोपणार?’ आणि ‘हक्काने जाता येईल अशी दुसरी जागा आहे का?’ हे दोन प्रश्न पुरतात.

झोपलेल्याला उठवू नका, तोंडावर टॉर्च मारू नका, पांघरूण उचलू नका. मग एका पांघरुणाखाली किती जण, हे कसं कळणार? नाही कळत, आणि फॉर्ममध्ये तसं लिहायला जागा हवी. ‘पाहिलेले’ आणि ‘झाकलेले, संख्या अनिश्चित’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. तंबू, झाकलेल्या गाड्या यांसाठी दिवसाच्या पाहणीतून सरासरी काढा: ४० तंबूंमध्ये ६४ माणसं राहतात असं आढळलं, तर एका तंबूला १.६. प्रत्येक गटाने आपापल्या अंदाजाने ‘तीन तरी असतील’ असं लिहिलं की बेरजेला अर्थ उरत नाही.

आणि शून्य. कोरा फॉर्म म्हणजे ‘कोणी नव्हतं’ की ‘आम्ही गेलोच नाही’? प्रत्येक गल्लीपुढे संख्या किंवा ठळक ० हवाच. फॉर्म त्याच रात्री, गट घरी जाण्याआधी, समोर बसवून तपासून घ्या. दुसऱ्या दिवशी फोनवरून भरलेल्या रकान्यांवर भरवसा ठेवू नये.

दुबार नोंदी ओळखायला नाव लागत नाही. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर, आईच्या नावाचं पहिलं अक्षर, लिंग आणि जन्मवर्ष एवढ्यावर संकेत, म्हणजे ओळखीचा कोड, बनतो. मात्र ‘वि’ आणि ‘बि’, ‘श’ आणि ‘स’ यांत गल्लत होते, म्हणून कोणती अक्षरं एकच धरायची ते आधी ठरवा. जन्मवर्ष माहीत नसलेले ‘चाळीस’, ‘पन्नास’ असं गोल वय सांगतात आणि वेगवेगळी माणसं एकाच संकेतात अडकतात. तिथे भेटीची जागा आणि वेळ पाहिल्याशिवाय कोणालाही दुबार ठरवून वगळू नका.

बायका कमी दिसल्या म्हणजे कमी आहेत असं नव्हे. अनेक जणी सुरक्षिततेसाठी रात्रभर जाग्या राहतात, स्थानकात किंवा दवाखान्याच्या बाकावर बसतात आणि दिवसा झोपतात. ओळखीच्यांकडे चार-चार दिवस काढणारी तरुण मुलं तर रस्त्यावर सापडतच नाहीत. म्हणून आकडा जाहीर करताना ‘किमान इतके’ असंच म्हणा.

यंदा आकडा वाढला, की मोजणारे वाढले? गट किती होते, किती तास फिरले, कोणते विभाग राहिले, पाऊस होता का, हे लिहून ठेवलं नसेल तर उत्तर मिळणार नाही. न्यूयॉर्कमध्ये काही जणांना मुद्दाम रस्त्यावर बसवून ठेवतात आणि गटांना ते सापडतात का ते पाहतात. तुम्ही बसवलेल्या २० पैकी १६ जण सापडले, तर पकड, म्हणजे सापडण्याचं प्रमाण, ८० टक्के. मोजलेले २४० असतील तर खरा आकडा ३०० च्या आसपास. पण तुमची माणसं उजेडात बसवली असतील तर ही पकड फुगलेली असते.

मदत देताना. गरजेच्या वस्तूंची पिशवी वाटत असाल तर ती प्रश्नांच्या बदल्यात देऊ नका. उत्तरं पिशवीसाठी दिली जातात आणि नकार देणारा रिकाम्या हाती राहतो. अंदाजापेक्षा पंचवीस टक्के पिशव्या जास्त घ्या. त्यात दोन जोड मोजे, साबण, पाणी, सॅनिटरी पॅड आणि मऊ खाणं असावं. दात खराब असलेल्यांना कडक बिस्किटं चावत नाहीत. न निवडलेल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे नकोतच, सकाळी ते फुटपाथवर पडलेले दिसतात आणि बोल तिथल्या माणसांना लागतो. निवाऱ्याचा पत्ता देण्याआधी फोन करून खाट रिकामी आहे का ते विचारा. रात्री दोनला चालत जाऊन दारातून परतलेला माणूस पुढच्या वेळी तुमच्याशी बोलणार नाही.

फोटो काढू नका. नेमक्या जागांचा नकाशा बाहेर देऊ नका, कारण तोच हटवण्याच्या कारवाईला उपयोगी पडतो. जाहीर आकडे विभागवारच ठेवा. फोनवर फॉर्म भरत असाल तर प्रत्येक नोंदीचं ठिकाण त्यात आपोआप साठतं. तपासणी संपली की ते पुसा.

गट तिघांचा: एक बोलतो, एक लिहितो, एक आजूबाजूला लक्ष ठेवतो. पडक्या इमारतीत शिरायचं नाही. कोणी हाकेला ओ देत नसेल तर श्वास पाहा, रुग्णवाहिका बोलवा आणि श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थंडीत गारठलेल्या माणसाचं कुडकुडणं थांबलं आणि बोलणं अडखळू लागलं, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका, धोका वाढलेला असतो. हातपाय चोळू नका. ओले कपडे बदला, कोरडं पांघरूण अंगाखालीही घाला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत एकाने तिथेच थांबा. त्यामुळे राहिलेल्या गल्ल्यांच्या रकान्यांत ‘अपूर्ण’ लिहा, शून्य नव्हे.