दोरीवरचं मुखपृष्ठ कसं वाचायचं

सांगलीच्या एसटी स्टँडजवळ आमचा मासिकांचा स्टॉल आहे. सासऱ्यांनी टाकलेला, आता मी बघते. मागच्या महिन्यात पुतणी आली. पत्रकारितेच्या वर्गात तिला 'मुखपृष्ठ वाचकाला कसं ओढतं' यावर प्रकल्प करायचा होता. वहीतलं पहिलंच वाक्य होतं, 'लाल रंग उत्साहाचं प्रतीक आहे.' म्हटलं, अगं, निम्म्या अंकांची नावं लाल रंगात आहेत, ती लांबून दिसावीत म्हणून. वही मिट आणि स्टुलावर बस. मग दिवसभर जे सांगितलं, तेच इथं लिहिते.

अंक लगेच हातात घेऊ नका. पाचसहा पावलं मागं सरका. आमच्याकडं अंक दोरीला चिमट्यानं लटकतात, एकावर एक चढलेले, त्यामुळं पुष्कळदा वरची चार बोटंच दिसतात. नाव वर आणि ठळक असतं ते याच्यासाठी. घरी बसून करायचं असेल तर खालचा भाग दुसऱ्या अंकानं झाका आणि उरलेलं लिहून काढा: नाव, कपाळ आणि डोळे, फार तर एक मथळा. गिऱ्हाईक थांबवायचं काम एवढ्याच भागाकडं असतं. हल्ली दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आधी व्हॉट्सॲपवर फिरतात, म्हणून मोबाईलवर नखाएवढी करूनही बघा. काय वाचता येत नाही, तेही लिहा.

एकट्या अंकावर काही बोलू नका. त्याच मासिकाचे तीन महिन्यांचे अंक घ्या, शेजारी त्याच्या स्पर्धकाचा एक ठेवा. तिन्हीवर पैठणीतली बाई असेल तर ती त्या मासिकाची रीत. एका महिन्यात ती जीन्समध्ये आली तर लिहिण्यासारखं काहीतरी सापडलं.

आता मुख्य गोष्ट. वाचणारा कोण हे सगळेच विचारतात, तुम्ही पैसे कोण देतं ते विचारा. मुलांचं मासिक घ्या. ससा, वाघ, भडक पिवळा रंग हे पोरासाठी. पण पोराच्या खिशात काय असतं? ते अंक ओढतं, आई तो उलटून किंमत बघते आणि मग 'सामान्यज्ञान', 'कोडी' असले शब्द शोधते. एकाच पानावर दोन गिऱ्हाइकं उभी असतात. कोणता भाग कुणासाठी, ते पेन्सिलीनं गोल करून दाखवा. स्पर्धा परीक्षांच्या मासिकांवर बघा, चित्राला जागाच नसते. नुसती विषयांची यादी, कोपऱ्यात एखादा गणवेशातला अधिकारी. पुण्याच्या गाडीला उभा असलेला मुलगा ती यादी बोटानं मोजतो. खोलीभाडं काढून उरलेल्या पैशात किती मजकूर मिळतोय, याचा तो हिशेब असतो. आणि गणवेशातला माणूस म्हणजे त्याला जे व्हायचंय ते. दोन्ही लिहायचं.

शेतीच्या अंकांना मी जरा जास्त वेळ देते, कारण तिथं शहरातली पोरं हमखास चुकतात. पुतणीनं लिहिलं होतं, 'हिरवागार घड समृद्धी सूचित करतो.' तेवढ्यात तासगावकडचे एक मामा आले. द्राक्षाच्या अंकाचं मुखपृष्ठ डोळ्याजवळ नेऊन म्हणाले, "मणी सारखं न्हाईत ओ ताई, थिनिंग बरोबर झालेलं न्हाई." थिनिंग म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढून तो विरळ करणं. घड सुंदर आहे की नाही हा त्यांचा प्रश्नच नव्हता. ते मण्याची साइज, देठाचा रंग, मण्यावरची पांढुरकी झाक बघत होते. दुसऱ्या एका अंकावर घड हातात धरलेली कोरी साडी आणि रंगवलेली नखं होती, त्याला त्यांनी हातही लावला नाही. शिवाय महिना बघा. आमच्याकडं ऑक्टोबरात छाटणी असते, त्या दिवसांत शेतकऱ्याला भरलेल्या घडापेक्षा कोवळ्या पानावरचा डाउनी रोग ओळखता यायला हवा असतो. त्या महिन्यात डागाळलेल्या पानाचा कुरूप फोटो जास्त खपतो. म्हणून ज्याच्यासाठी अंक आहे, त्याच्या घरात किंवा शेतात त्या महिन्यात काय चाललंय, हे शोधल्याशिवाय चित्राबद्दल लिहू नका.

याचा जुना नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, पुढं त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. मग १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. एकाच ठिकाणाहून तीन मासिकं आणि तीन वेगळे वाचक. एखाद्या जुन्या वाचनालयात ही तिन्ही साधारण एकाच काळातली मिळाली, तर शेजारी मांडा. 'स्त्री'चं मुखपृष्ठ बघताना एक विचारा: हा अंक सासऱ्यांच्या समोर ओसरीवर ठेवता आला असता का? माझ्या मते त्या काळच्या संपादकाला हा प्रश्न रोज पडत असणार.

आता शब्द. मुखपृष्ठ तुम्हाला काय म्हणून हाक मारतं? 'दोस्तांनो', 'तुमच्या', 'आपला', 'सखी'? की हाकच नाही, नुसती नामं? एका अंकात तुम्ही आणि तू दोन्ही असतील तर कुठलं कुणाला, ते बघा. नावाची अक्षरं कुंचल्याची की छापील, शिरोरेषा आहे की उडवलीय, हेही त्यातच येतं. कागद बोटानं चाचपा. दिवाळी अंकाचं कव्हर जाड आणि चकचकीत असतं, कारण वाचनालयाच्या योजनेत तो किती हातांत फिरायचा असतो. साप्ताहिकाला पुढच्या आठवड्यापर्यंत टिकलं म्हणजे झालं. (२०१९ च्या पुरात आमचे गठ्ठे भिजले, तेव्हा ही चकचकीत कव्हरं एकमेकांना चिकटून विटा झाल्या होत्या.)

माझीही एक फजिती सांगते. एका वर्षी एका वाङ्मयीन दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मला इतकं आवडलं की चाळीस प्रती मागवल्या. धुक्यातली होडी, बाकी काही नाही. सहा गेल्या. नेहमीचे गुरुजी आले, अंक उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "काकू, यात लिहिलंय कुणी?" असल्या अंकाचं गिऱ्हाईक लेखकांची नावं शोधतं, आणि ती होती आत, तिसऱ्या पानावर. मुखपृष्ठावर काय नाही, याची वेगळी ओळ वहीत ठेवायची सवय मला तेव्हापासून लागली. कुणाचा चेहरा नाही, कुठलं वय नाही, कुठलं गाव नाही.

शेवटी सगळं एका वाक्यात बसवायचं: हे मुखपृष्ठ अमक्याला थांबवतं, तमक्याकडून पैसे काढतं, ते असं. 'असं'च्या पुढं पानावर बोट ठेवून दाखवता येईल तेवढंच लिहायचं. संध्याकाळी पुतणीनं लिहिलं, 'नोकरीवरून परतणाऱ्या बाईकडं हा चेहरा थेट बघतो, आणि मोफत पाककृती पुस्तिकेची पट्टी तिच्याकडून पैसे काढते.' मी म्हटलं, बरंय, पण ती परतणारीच कशावरून? मिरजेची गाडी लागली होती. बाया उतरत होत्या. ती वही घेऊन दोरीपाशी जाऊन उभी राहिली.