वर्गासाठी कादंबरी निवडताना या चुका टाळा

आठवीला स्थूलवाचनासाठी जयवंत दळवींची 'चक्र' (१९६३) घ्यायची, हे मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. मुलं मानखुर्दच्या वस्तीतली, कादंबरी मुंबईच्या झोपडपट्टीतली, जुळलंच की! सुट्टीत पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचली आणि कपाटात ठेवून दिली. ती मोठ्यांसाठी लिहिलेली आहे, तेरा वर्षांच्या पोरांसाठी नाही. शिवाय, रोज ज्या गटारावरून उडी मारून पोरं शाळेत येतात तेच पुस्तकात भेटलं की ती खूश होतील, हे मी परस्पर ठरवलं होतं. पत्ता बघून पुस्तक निवडू नका. आधी महिनाभर कान द्या: मे महिन्यात कोण कुठल्या गावी जातं, आजी घरी कशी बोलते, डब्याच्या सुट्टीत कसल्या गोष्टी रंगतात.

मग 'बनगरवाडी' (१९५५) घेतली. माणदेशातली धनगरांची वाडी आणि तिथे नेमणूक झालेला कोवळा मास्तर. मुंबईपासून किती लांब! पण परक्या ठिकाणी नवखं असणं म्हणजे काय, हे वर्षभरापूर्वी गावाहून आलेल्या मुलांना समजावून सांगावं लागलं नाही. पुस्तक छोटं आहे, एका सत्रात पुरं होतं.

खरी चूक इथे झाली. साताऱ्याकडची एक मुलगी मोठ्याने वाचत होती. 'नाही'चं तिने घरच्यासारखं 'न्हाई' केलं आणि मी सवयीने टोकलं. उरलेलं पान तिने पुटपुटत संपवलं. पुढे आठवडाभर तिचा हात वर आला नाही.

त्यानंतर मी भिंतीवर एक कार्डशीट लावलं आणि वर लिहिलं, 'मला'. खाली मुलांनी आपापल्या घरचं लिहायचं. मालवणी 'माका', अहिराणी 'माले', वऱ्हाडी 'मले', आगरी 'मना' असे शब्द येत गेले. भोजपुरी बोलणाऱ्या मुलाने 'हमके' लिहिलं, तर कुणी हसलं नाही. उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी हवीच आणि ती मी कसून शिकवते. पण मोठ्याने वाचताना आता टोकत नाही.

आणखी एक जपा. अण्णा भाऊ साठे यांची मांग समाजातल्या नायकाची कादंबरी 'फकिरा' (१९५९) वाचताना सगळ्या माना एका बाकाकडे वळू देऊ नका. 'तुमच्याकडे असं असतं का गं?' हा प्रश्न भर वर्गात विचारलात, की त्या मुलीची जात तुम्ही जाहीर केलीत. सुरुवात लेखकापासून करा: हा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात राहायचा, मानखुर्दच्या मुलांना तो जवळचाच वाटतो. स्वतःच्या घरचं सांगायचं की नाही, हे मुलाला ठरवू द्या.

प्रतींची अडचण सगळीकडे आहे. चाळीस मुलांत सहा प्रती असतील तर गट करा, एक प्रकरण तुम्ही वाचा, एक त्यांना द्या. त्यावर लगेच चाचणी मात्र लावू नका.

त्या कार्डशीटवर सगळ्यात शेवटी 'न्हाई' आलं. बारीक अक्षरात, कोपऱ्यात. 'मला'च्या यादीत ते बसत नव्हतं, म्हणून मी शेजारी दुसरं कार्डशीट लावलं.