अनेक भाडेकरूंच्या इमारतीचं ग्रीन सर्टिफिकेशन: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

या क्षेत्रात येणारे बहुतेक इंजिनिअर आणि आर्किटेक्ट आधी परीक्षेच्या मागे लागतात. लीड ही हरित इमारतींना गुण देऊन प्रमाणपत्र देणारी पद्धत; तिच्या ग्रीन असोसिएट या परीक्षेला १०० प्रश्न, दोन तास, पास व्हायला २००पैकी १७० गुण. ती जरूर द्या. पण सात-आठ कंपन्या भाड्याने असलेली इमारत हातात आली, तर रेटिंगच्या पुस्तकाआधी भाडेकरार मागून घ्या आणि परिशिष्टांसकट वाचा.

मालकाच्या हातात बाहेरची काच, चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र), लॉबी, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) एवढंच असतं. मजल्यावर दिवे कोणते, रंग कुठला, कार्पेट कसलं, हे भाडेकरूचा काँट्रॅक्टर ठरवतो. म्हणूनच लीडमध्ये मालकासाठी कोअर अँड शेल (सांगाडा आणि सामायिक यंत्रणा) आणि मजल्यासाठी कमर्शियल इंटिरिअर्स (आतली सजावट) असे वेगळे मार्ग आहेत. आयजीबीसी या भारतीय हरित रेटिंगमध्येही ५१ टक्के किंवा जास्त बांधीव क्षेत्र भाडेकरूंकडे असेल, तर इमारत वेगळ्या गटात जाते. कमी व्हीओसीचा (हवेत उडणाऱ्या घातक रसायनांचा) रंग, प्रत्येक भाडेकरूचा वेगळा सब-मीटर, धूम्रपानबंदी या अटी करारात किंवा फिट-आउट गाइडलाइनमध्ये (मजला सजवण्याच्या नियमांत) आल्या नाहीत, तर नंतर कितीही पत्रं पाठवा, काम हलत नाही. डिपॉझिट परत करण्याआधी रंगाची बिलं आणि डेटाशीट जमा करून घ्यायची, एवढं एक कलम मला सगळ्यात उपयोगी वाटतं.

खरी रस्सीखेच विजेवर असते. चांगल्या काचेचा खर्च मालकाचा, बिल वाचतं भाडेकरूचं. मग मालक म्हणतो, मी का करू? त्यातून वातानुकूलनाचा खर्च चौरस फुटांवर वाटला, की सातला बंद होणारं ऑफिस रात्रभर चालणाऱ्या कॉल सेंटरचं बिल भरतं. इथे बीटीयू मीटर कामाला येतो. मजल्यावर थंड हवा सोडणाऱ्या यंत्राच्या म्हणजे एएचयूच्या रूममध्ये, चिलरकडून येणाऱ्या थंड पाण्याच्या पाइपवर तो बसवलेला असतो. पाण्याचा प्रवाह आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक, यावरून त्या मजल्याने किती थंडावा ओढला ते कळतं. इमारतीच्या टेक्निशियनबरोबर एकदा रात्री हे आकडे घ्या. सगळे घरी गेल्यावरही एखाद्या मजल्याचा आकडा पळत असतो: कुणीतरी हब रूमसाठी (नेटवर्कची यंत्रं ठेवलेल्या खोलीसाठी) अख्खा एएचयू चालू ठेवलेला असतो. हा आकडा मजल्याच्या अ‍ॅडमिनसमोर ठेवला आणि बिलही त्यावरच लागलं, की हब रूमला वेगळं युनिट बसवायची गोष्ट तेच काढतात. पोस्टरं लावून हे होत नाही.

जुन्या इमारतीसाठी लीड ओ अँड एमच्या (वापरात असलेल्या इमारतींसाठीच्या मार्गाच्या) चौथ्या आवृत्तीत वापरकर्त्यांना इमारतीत कितपत आराम वाटतो याच्या सर्वेक्षणाचा गुण हवा असेल, तर किमान ३० टक्के वापरकर्त्यांची उत्तरं लागतात. फॉर्म प्रत्येक कंपनीच्या एचआरकडून जाऊ द्या. बिल्डिंग मॅनेजरची मेल कुणी उघडत नाही.

कुणी दादच देत नसेल, तर त्याच आवृत्तीत वेगळ्या व्यवस्थापनाखालचं १० टक्क्यांपर्यंत क्षेत्र काही निकषांतून वगळता येतं. ही सवलत पहिल्याच अडचणीला खर्च करू नका. सुरक्षेच्या नियमांमुळे खरोखरच आत येऊ न देणारा एखादा भाडेकरू निघतोच, ती त्याच्यासाठी राखून ठेवा.