उंबरठ्याला रुंदी देताना : घरातील मधल्या जागांची आखणी

घराचा आराखडा काढताना आधी खोल्या मांडल्या जातात आणि त्यांना जोडणाऱ्या जागांच्या वाट्याला उरलेले क्षेत्रफळ येते. ओसरी, व्हरांडा, गॅलरी, दाराआडची मोकळी जागा यांचा विचार माझ्या मते याच्या उलट क्रमाने करावा, कारण माणूस बाहेरून आत एका पावलात येत नाही. त्याला मध्ये थांबावे लागते. डच वास्तुरचनाकार आल्डो व्हान आयक यांनी या मधल्या जागेला आपल्या विचारात केंद्रस्थान दिले आणि १९६० साली पूर्ण झालेल्या ॲमस्टरडॅममधील अनाथालयात रस्त्यासारखे अंतर्गत मार्ग व त्यांना लागून अंगणे रचून तो प्रत्यक्षात आणला.

सुरुवात मुख्य दारापासून करावी. घरी परतणाऱ्या माणसाकडे नीट पाहा : एका हातात जड पिशवी, काखेत ओली छत्री, दुसरा हात खिशात किल्ली चाचपतो आहे आणि पिशवी टेकवायला जमिनीखेरीज जागा नाही. म्हणून दाराबाहेर, कुलपाच्या बाजूला (बिजागरीच्या बाजूला केली तर ती हाताशी येत नाही), जमिनीपासून सुमारे ९० सेंटीमीटर उंचीवर पिशवी मावेल इतकी रुंद फळी किंवा कट्टा करावा आणि त्यावर छप्पर पुरेसे पुढे काढावे. दारापुढची सपाट जागा किमान १५० सेंटीमीटर लांब व तितकीच रुंद ठेवली तर चाकांची खुर्ची तिथे वळू शकते आणि निरोप घेणारे दोघे दाराच्या पल्ल्याला अडसर न होता बोलत उभे राहू शकतात. पायरी टाळता येत नसेल, तर शेजारी १ ला १२ या प्रमाणात (१ उंचीला १२ लांबी) उतार द्यावा.

प्रकाशाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. भर उन्हात उजेड सुमारे १ लाख लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जातो, तर खोलीच्या आतल्या भागात तो काहीशे लक्सही नसतो. उन्हातून थेट अशा खोलीत शिरलेल्याला क्षणभर काहीच दिसत नाही, कारण डोळ्यांना उजेडापेक्षा अंधाराची सवय व्हायला अधिक वेळ लागतो. खोल छप्पर, जाळी किंवा झाडाची सावली मध्ये असेल तर उजेडातला हा बदल टप्प्याटप्प्याने होतो. वयस्कर माणसांसाठी तर हा पडण्या-न पडण्याचा प्रश्न आहे.

उंचीचाही असाच उपयोग होतो. अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट अनेक घरांत प्रवेशाची जागा मुद्दाम ठेंगणी ठेवत, म्हणजे पुढची खोली अधिक मोकळी भासे. प्रवेशापाशी छत २२० सेंटीमीटरच्या आसपास आणि आत २८० ठेवले, तरी हा फरक अंगाला जाणवतो.

गॅलरी किंवा व्हरांडा १८० सेंटीमीटरपेक्षा अरुंद असेल, तर समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्यावर गुडघे भिडतात, मग तिथे कोणी बसत नाही आणि हळूहळू अडगळ साचते. तेवढी जागा नसेल तर खुर्च्यांचा हट्ट सोडून कडेलाच बैठक करावी. जपानी घरातील एनगावा ही खोली आणि बाग यांच्यामधली, छपराखालची लाकडी पट्टी पाहा. तिच्या काठावर पाय सोडून बसलेला माणूस घरातही असतो आणि बागेतही. खिडकीच्या जाड भिंतीत ४५ सेंटीमीटर उंचीची बैठक केली तरी यातले बरेच काही साधते.

बांधून झालेल्या फ्लॅटमध्ये भिंती हलत नाहीत, पण दार उघडताच थेट शयनगृह दिसत असेल तर डोक्याइतक्या उंचीचे कपाट आडवे लावून वळण निर्माण करता येते. त्या वळणापाशी फरशीचा पोत बदलावा आणि स्वतंत्र, मंद दिवा लावावा. गॅलरी काचेने बंद करून खोलीला जोडण्याचा मोह मात्र आवरावा; क्षेत्रफळ वाढते, पण पावसाजवळ कोरडे बसण्याची जागा कायमची जाते.

काम सुरू करण्यापूर्वी ठरवलेली मापे चिकटपट्टीने जमिनीवर आखावीत, दाराच्या पल्ल्याची कमानही काढावी, आणि हातात पिशव्या घेऊन घरातल्या प्रत्येकाने त्यातून चालून पाहावे. जिथे दोघे एकमेकांना वाट देण्यासाठी मागे सरकतात, तिथली रेघ पुसून नव्याने आखावी.