सोयाबीनची मळणी: आधी पट्ट्यावर जाळी, मग ट्रॅक्टरला चावी

परतीचा पाऊस डोक्यावर आहे. मराठवाडा-विदर्भात सोयाबीनच्या गंज्या लागल्यात आणि आभाळ भरून आलं की एका हडंब्यामागे, म्हणजे मळणीयंत्रामागे, अख्खं गाव लागतं. या घाईत पहिली बाजूला पडते ती पट्ट्यात हात जाऊ नये म्हणून लावलेली जाळी. पट्टा घसरला म्हणून ती काढतात, चढवून झाल्यावर परत लावायला कुणाला वेळ नसतो, ती बांधावरच राहते आणि पुढच्या शेतात हडंबा उघड्या पट्ट्यानेच जातो. दर हंगामात बोटं गेलेले हात पाहतोय. जवळपास प्रत्येक वेळी सुरुवात या काढून ठेवलेल्या जाळीपासूनच झालेली असते.

हडंबा फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा, पीटीओ, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. या गतीने फिरणाऱ्या फूटभर व्यासाच्या पुलीवरचा पट्टा सेकंदाला साधारण साडेआठ मीटर पळतो. हात मागे घ्यायचं मनात येईपर्यंत तो दोन मीटर पुढे गेलेला असतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे पट्टा पुलीच्या खाचेत शिरतो ती. चालक ट्रॅक्टर अगदी हळू ठेवतो आणि घसरलेला पट्टा तळहाताने पुलीवर ढकलतो. पट्टा खाच धरतो तेव्हा बोटं त्याच्याखाली असतात. गती निम्मी केली तरी पुली सेकंदाला चार-साडेचार फेरे घेतेच. म्हणून पट्टा चढवायचा तो इंजिन बंद करून, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवून. बंद केल्यावरही जड ड्रम आणि चाक बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही.

पट्टा घसरू लागला की दुकानदार चालत्या पट्ट्यावर लावायची पेस्ट नाहीतर फवारा गळ्यात मारतो. घेऊ नका. पट्टा घसरतो तो सैल पडलाय म्हणून, नाहीतर पुलीची खाच झिजलीय म्हणून. पेस्ट लावायला हात पुन्हा त्याच जागी न्यावा लागतो, हा त्यातला खरा धोका. यंत्र बंद करून दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने पट्टा दाबा. मीटरभर अंतराला दीड-दोन सेंटीमीटर दबला तर ताण बरोबर. जोडीतला एक पट्टा तुटला तर सगळी जोडी एकाच मापाची बदला, नवा-जुना एकत्र चालत नाही. जाळीलाही कंपनीचं महागडं कव्हर लागत नाही. गावातला वेल्डर अँगल आणि जाळीत करून देतो. भोकातून करंगळी जाता कामा नये आणि एक बाजू बिजागरीवर उघडणारी हवी, म्हणजे काढून ठेवायचा प्रश्नच उरत नाही.

मळणीची बाकीची कामं:
- गंजी ताडपत्रीने झाका, बुडाशी पाणी साचू देऊ नका.
- शेंगा नीट वाळल्यावरच मळणी करा.
- बियाण्यासाठी ड्रमची गती ४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा.
- धान्य १२ टक्के ओलाव्याच्या खाली आणून साठवा.

रात्रीची मळणी टाळा. दव पडलं की काड मऊ पडतं, ड्रमला गुंडाळतं, यंत्र चोक होतं आणि ते काढायला कुणीतरी चालत्या यंत्रात हात घालतो. सकाळी काड मुठीत मोडून बघा. कडकन मोडलं तर सुरू करा, वाकलं तर थांबा. हा माझा शेतातला ठोकताळा आहे, कुठल्या शिफारशीत नाही, पण मी त्यावरच चालतो. घास देण्याचं तोंड, म्हणजे पीक आत सारायची घसरण, ९० सेंटीमीटर लांब आणि त्यातलं ४५ सेंटीमीटर झाकलेलं असावं, असं मानक आहे. भाड्याचा हडंबा आला की आधी हे मोजा. जाळी नसेल तर पाऊस समोर दिसत असला तरी परत पाठवा. भिजलेलं सोयाबीन कमी भावात का होईना, विकलं जातं.

कपड्यांकडे मुकादमाने नाही, मालकाने स्वतः बघायचं. बायकांनी पदर खोचून वरून शर्ट घालावा, तोही बटणं लावून, खाली खोचून. वेणीचा अंबाडा करून रुमालात बांधावा. गड्यांनी गळ्यातला गमछा, हातातलं कडं आणि मनगटाचा दोरा काढून ठेवावा. पट्ट्याजवळ हातमोजेही नकोत, मोजा धरला की हात सोबत जातो. कुटार (मळणीतून निघालेला भुसा) ओढणाऱ्या बाया पट्ट्याच्या बाजूने ये-जा करत असतील तर हडंबा फिरवून लावा. पोरंटोरं खळ्यावर नकोतच.

हात अडकलाच तर ओढू नका. इंजिन बंद करा, पट्टा सैल करा किंवा सरळ कापा, मग हात सोडवा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. हळद, तंबाखू, चुना काही लावू नका. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोटाला थेट बर्फ लागू देऊ नका. १०८ ला फोन करा.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख आणि एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा. पण ही मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला आहे. हडंब्याच्या तोंडाशी उभा असतो तो बहुतेक वेळा रोजंदारीचा भूमिहीन माणूस, आणि तो या योजनेत बसत नाही.